सनावळीकाकांच्या चिठ्ठ्या

आमच्या वाचनालयात ऐतिहासिक कादंबरी हवी असेल तर आधी तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागत. झोप नीट लागते का? घरात कोणी आजारी आहे का? आणि गेल्या वेळचं पुस्तक कुठल्या पानावर मिटलंत? तिसऱ्या प्रश्नाला बहुतेक लोक खोटं बोलत. "वाचलं की पूर्ण!" म्हणत. मग टेबलापलीकडचे गृहस्थ चष्म्याच्या वरून बघत आणि विचारत, "असं? मग सेनापतीचा घोडा शेवटी कोणाकडे गेला?"

या गृहस्थांना सगळे सनावळीकाका म्हणत. खरं नाव पावतीवर असे, पण ते कोणी वाचत नसे. एकदा खालच्या इस्त्रीवाल्याने त्यांना वाढदिवस विचारला, तर म्हणाले, "तारीख नाही बुवा लक्षात. त्या साली उत्तरेकडे तह मोडला होता, एवढं आठवतं." तेव्हापासून हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

वाचनालय चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर. चढायला लाकडी जिना, वर दोन लांबट खोल्या. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं, मागच्या खोलीत कपाटं. मागच्या खोलीची खिडकी शाळेच्या भिंतीवर उघडते, त्यामुळे दुपारी चारलाच दिवा लावावा लागतो. त्या दिव्याखाली काका बावीस वर्षं बसले. कधी काळी शिक्षक होते म्हणे. पुढे बायको गेली, मूलबाळ नव्हतं, थोरल्या बहिणीकडे राहत. आम्हाला त्यांच्याबद्दल एवढंच माहीत होतं आणि कोणी जास्त विचारलंही नाही.

कोणाला काय वाचायला द्यायचं याचे त्यांचे नियम होते. पहिल्यांदा वाचणाऱ्याला राजा देऊ नये, नोकर द्यावा. म्हणजे ज्या कादंबरीत गोष्ट एखादा आचारी सांगतो, किंवा घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार, ती द्यावी. "राजाकडे सगळे बघतात, पण राजा कोणाकडे बघत नाही. मोतद्दाराला सगळं दिसतं," असं ते म्हणत. ज्यांच्या घरी नुकतं कोणी गेलं असेल त्यांना वेढ्याची कादंबरी देऊ नये. आणि नव्या सुनेला विषप्रयोगाची अजिबात नाही. "का हो?" असं मी एकदा विचारलं. "सासू येते ना भांडायला! दोनदा आली आहे."

टपाल कचेरीतून निवृत्त झालेले एक कारकून रोज यायचे. त्यांचं एकच मागणं. "मला लढाई द्या. प्रेम नको."

"लढाई प्रेमामुळेच झाली, त्याला मी काय करू? पंचेचाळीस ते साठ पानं डोळे मिटून वाचा."

"डोळे मिटून कसं वाचणार?"

"तरुणपणी काय करत होतात मग?"

सगळी खोली हसायची. कारकूनसुद्धा.

पण काकांचं खरं काम वेगळंच होतं. ऐतिहासिक कादंबरी वाचनालयात आली की ते ती घरी नेत, महिनाभर ठेवून घेत, इतिहासाची पुस्तकं समोर घेऊन ताडून बघत, आणि मग शेवटच्या पानामागे एक चिठ्ठी चिकटवत. चिठ्ठीवर मधोमध उभी रेघ. डावीकडे 'खरं', उजवीकडे 'रचलेलं'. राणी दोनदा पळाली, हे खरं. तिसऱ्यांदा पळाली, हे रचलेलं. सरदाराच्या डगल्याला बटणं आहेत, ती रचलेली. त्या काळी बंद बांधत. या बटणांच्या चिठ्ठीवर आमच्या गल्लीतली शिवणकाम करणारी बाई इतकी खूश झाली, की तिने पुढची चार वर्षं फक्त कपड्यांसाठी कादंबऱ्या वाचल्या.

"कादंबरीकाराने खोटं लिहायला माझी ना नाही," काका म्हणत. "ते त्याचं कामच आहे. फक्त वाचणाऱ्याला उठताना कळलं पाहिजे, की आपण कशावर बसलो होतो." अशा चारशेच्या वर चिठ्ठ्या होत्या. चिकटवायला बाजारचा डिंक ते वापरत नसत. पिठाची खळ स्वतः शिजवत. "डिंकाला कीड लागते. माझी खळ माझ्यामागे राहील."

माझी लेक अकरा वर्षांची असताना तिला झोप येईनाशी झाली. दारं-खिडक्या तीनतीनदा बघायची. मला उठवायची, "आई, तू श्वास घेतेयस ना?" मी मुळातच काळजीखोर. तिची भीती बघून माझी वाढायची, माझी बघून तिची. डॉक्टर म्हणाले, वयाचं आहे, जाईल. जाईना. शेवटी मी तिला घेऊन तो जिना चढले. का, ते आता सांगता येणार नाही. औषधाच्या दुकानात गेल्यासारखीच गेले होते.

काकांनी माझ्याकडे बघितलंच नाही. तिला विचारलं, "काय गं, कशाची भीती वाटते?"

"काहीतरी होईल त्याची."

"मग असं पुस्तक देतो, ज्यात जे व्हायचं ते सगळं होऊन गेलंय. चारशे वर्षांपूर्वीच. आता त्यात नवं काही होऊ शकत नाही."

मोतद्दाराची कादंबरी होती ती. लेकीने आधी मागची चिठ्ठी वाचली, मग पुस्तक. तिची ती सवय पडली ती कायमचीच. पंधरा दिवसांत ती झोपायला लागली. मी काकांना सांगायला गेले तर म्हणाले, "ताई, आता तुम्ही काहीतरी न्या. तुम्हाला तिच्यापेक्षा जास्त गरज आहे."

पुढची सात वर्षं ती त्या मागच्या खोलीतच वाढली म्हणा ना. बारावीनंतर म्हणाली, मला इतिहास शिकायचाय. मीही इतिहास घेऊनच पदवी घेतली होती. नंतर संसारात तिचा उपयोग शब्दकोड्यापुरता राहिला. तेव्हा मला किती बरं वाटलं असेल ते कोणत्याही आईला कळेल.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला जड जातं.

लेकीच्या प्रवेशाच्या मुलाखतीच्या दीड-दोन वर्षं आधी मी एका आरमाराच्या कादंबरीमागची चिठ्ठी वाचली. साल चुकलं होतं. थोडंथोडकं नाही, चाळीस वर्षांनी. सनावळीकाकांचं साल चुकावं! शाई ताजी दिसत होती. चिठ्ठी जुन्या चिठ्ठीच्या वर चिकटवलेली होती, कडेने खालच्या कागदाची पिवळी किनार दिसत होती. मी पुस्तक परत केलं तेव्हा ओठांवर आलं होतं, 'काका, हे जरा बघता का?' पण समोर टपालवाले बसलेले, शिवणवाली बसलेली. चारचौघांत म्हाताऱ्या माणसाची चूक काय काढायची? वय झालं, हात घसरला असेल, असं म्हणून मी ते गिळलं. त्यांच्या बहिणीला जाऊन सांगता आलं असतं. काकांनाच जिन्यात गाठून हळूच सांगता आलं असतं. मी यातलं काहीच केलं नाही, आणि स्वतःला सभ्य समजत राहिले.

लेकीची मुलाखत शहरातल्या मोठ्या महाविद्यालयात होती. जागा वीस. टेबलापलीकडे तिघं प्राध्यापक. त्यांनी तिला एका प्रसिद्ध वेढ्याबद्दल विचारलं: किल्ला पडला, मदत का आली नाही? माझी पोर खुलली. तिचा आवडता वेढा तो. म्हणाली, मदत निघाली होती, पण नदीवरचा पूल वाहून गेला, तीन दिवस पलीकडे कोणाला येता आलं नाही.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं. मधले म्हणाले, "त्या नदीवर पहिला पूल झाला तो वेढ्यानंतर एकशेदहा वर्षांनी. हा पूल तुम्ही कुठल्या कादंबरीत वाचलात?"

"कादंबरीत नाही, सर," ती म्हणाली. "कादंबरीच्या मागे."

ते हसले. वाईट हसले नसतील. पण त्यानंतर तिला एकही उत्तर आलं नाही. यादी लागली, तिचं नाव नव्हतं. घरी येऊन तिने दार लावून घेतलं. त्या दिवसापासून पुन्हा माझी झोप उडाली. अकराव्या वर्षीचं सगळं परत येतंय असं वाटायला लागलं. दोन दिवसांनी ती बाहेर आली आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल? "आई, तू काकांना काही बोलू नकोस हं."

मी त्याच दुपारी गेले.

वेढ्याची ती कादंबरी कपाटातून काढली, शेवटचं पान उघडलं आणि टेबलावर आपटली. डावीकडे, 'खरं'च्या खाली, त्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: पूल वाहून गेला. तीन दिवस वैद्य पलीकडेच अडकला. ती तापात पाणी मागत होती.

"काका, हे काय आहे?" माझा आवाज चढला होता. "कोण ती? कुठला वैद्य? तिथे पूलच नव्हता! तुमच्यावर विश्वास ठेवून माझ्या मुलीने हे मुलाखतीत सांगितलं. सात वर्षं तिने तुमची चिठ्ठी आधी वाचली आणि पुस्तक नंतर!"

काकांनी चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. "बरोबर आहे की, ताई," ते शांतपणे म्हणाले. "मी होतो ना तिथे."

टपालवाल्यांना वाटलं नेहमीसारखी गंमत चाललीय. "वेढ्यात होतात? मग तोफेला बत्ती तुम्हीच दिली असणार!" दोघं-तिघं हसले. काका हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, पाठ न झालेला धडा विचारल्यावर पोर बघतं तसे.

"पूल नव्हता?" त्यांनी विचारलं.

"नव्हता," मी म्हणाले. "पूल नव्हताच. हे सगळं रचलेलं आहे."

काकांनी टाक उचलला, परत ठेवला. मग उठून खिडकीपाशी गेले आणि शाळेच्या भिंतीकडे बघत राहिले.

बातमी खाली जायला एक जिना पुरतो. चष्म्याच्या दुकानाचे मालक वाचनालयाचे अध्यक्ष. माणूस वाईट नाही. त्यांनी समितीसमोर कुठलीही दहा पुस्तकं काढायला लावली, आणि इतिहासवाली म्हणून मला तपासायला बसवलं. दहापैकी सहा चिठ्ठ्या चुकल्या होत्या. सहाही नव्या, जुन्यांच्या वर चिकटवलेल्या. एकीत राजाची बहीण मंडईतून घरी येत होती. एकीत सेनापतीच्या घरी शिवणयंत्र होतं. ठरलं: काकांनी आता विश्रांती घ्यावी आणि चिठ्ठ्या काढून टाकाव्यात. सगळ्या.

"पण जुन्या बरोबर आहेत," मी म्हणाले. "नव्यांच्या खाली आहेत त्या. नुसत्या वरच्या काढू. मी एकेक तपासते."

"किती दिवस लागतील?"

"दिवस नाही. वर्ष-दोन वर्षं."

"आणि तोवर तुमच्यासारख्या आणखी दोन आया पुस्तकं आपटायला आल्या तर?" अध्यक्ष म्हणाले. "ताई, सुरुवात तुम्हीच केलीत."



काढायलाही मीच गेले. शिवणवाली आली, टपालवाले आले. ओलं फडकं, बोथट सुरी. पण ती खळ! वरची चिठ्ठी भिजली की खालचीही सुटायची, आणि दोन्ही मिळून शेवटचं पान घेऊन यायच्या. वेढ्याच्या कादंबरीशी मी तासभर झगडले. वरची निघाली. खाली बावीस वर्षांपूर्वीची, बारीक, ठाम अक्षरातली चिठ्ठी दिसली. मदत आली नाही कारण कोणी पाठवलीच नाही — खरं. पावसाचं वर्णन — रचलेलं. एवढं वाचेपर्यंत ती माझ्या बोटाखाली लगदा झाली. तिच्यासोबत कादंबरीतल्या शेवटच्या बारा ओळी गेल्या. आता तो किल्ला कोणाच्या हाती गेला ते आमच्या प्रतीत वाचता येत नाही.

"जपून हो," टपालवाले म्हणत राहिले, आणि त्यांच्याही हातात पानं येत राहिली. चार दिवसांत चारशे पुस्तकांचे शेवट आम्ही असे खरवडून काढले.

काकांच्या घरी जायला मला दोन महिने लागले. दार त्यांच्या थोरल्या बहिणीने उघडलं. सगळे तिला अक्का म्हणतात. ऐंशीच्या पुढची, ताठ, जिभेने तिखट. मी कोण ते सांगितलं नाही, वाचनालयातून आले एवढंच म्हणाले.

"या. त्या खुर्चीवर नका बसू, तिथे कागद वाळताहेत." खोलीभर चिठ्ठ्या होत्या. साखरेच्या डब्यावर 'खरं', आरशावर 'रचलेलं'. "माझ्या पाठीवर अजून लावली नाही, हे नशीब. लावली तर काय लावेल कोण जाणे."

काका खिडकीशी बसले होते. मला बघून नमस्कार केला, ओळख नव्हती. लगेच विचारलं, "झोप नीट लागते का?"

"नाही," मी खरं सांगितलं.

"मग सध्या वेढा नको," ते म्हणाले आणि पुन्हा कागदाकडे वळले.

अक्का मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. चहा टाकता टाकता ती आपणहून बोलायला लागली. तिलाही कोणाशी बोलायचं असणार. चाळीस वर्षांपूर्वी काका एका नदीकाठच्या गावी शिक्षक होते. नवं लग्न. बायको मंडईत जायची, शिवणयंत्रावर शेजारणींचे कपडे शिवायची. पुराच्या दिवसांत तिला ताप भरला. डॉक्टर पलीकडच्या गावात. पूल वाहून गेला. तीन दिवस. चौथ्या दिवशी नाव आली, तोवर आटोपलं होतं.

"मी होते तिथे, म्हणून मला माहीत," अक्का म्हणाली. "त्याने आजवर कोणाला सांगितलं नाही. माझ्यापाशी नाव काढलं नाही तिचं. सगळं पोटात ठेवलं. डोकं सैल झालं तसं ते बाहेर यायला लागलं असेल, कुठल्याही पुस्तकात."

मी ओट्यावरचे कप पुसून ठेवले.

"ते चाललं असतं," अक्का म्हणाली. "विसरणं चालतं हो, म्हातारी माणसं विसरतातच. पण तिथे वाचनालयात कोणा बाईने चारचौघांत त्याला ठासून सांगितलं म्हणे, पूल नव्हताच, तू हे रचलंयस. तेव्हापासून रोज सकाळी मला विचारतो, 'अक्का, ती खरंच होती का? की मी कुठे वाचलं?' मी सांगते, होती रे बाबा, मी तिच्या हातचं जेवले आहे. तर म्हणतो, 'तू माझी बहीण. माझं मन राखायला म्हणशील.' फोटो दाखवला तर म्हणतो, 'पुस्तकातही चित्रं असतात.'" तिने गॅस बंद केला. "तुम्ही शिकलेल्या दिसता. बाहेरच्या आहात. तुमचं कदाचित ऐकेल. सांगता का त्याला?"

ती बाई मीच, हे मी तेव्हाही सांगितलं नाही.

चहाचा कप घेऊन मी त्यांच्यासमोर बसले. "काका," मी म्हणाले, "तो पूल होता. वाहून गेला होता. तुमची बायको होती, तिला ताप आला होता. ते सगळं खरं आहे."

त्यांनी कागद बाजूला ठेवला. चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. क्षणभर ते अगदी पूर्वीचे काका होते, समोरच्याने पुस्तक पूर्ण वाचलं की नाही ते जोखणारे.

"कशावरून?" त्यांनी विचारलं. "तुम्ही पूल पाहिला होता?"

खोटं बोलायला हवं होतं. हो म्हणायला हवं होतं. एवढी वर्षं लोक त्यांच्याशी पानांबद्दल खोटं बोलत आले. मला एकदा जमलं नाही.

"नाही," मी म्हणाले. "मी ऐकलं."

"कोणाकडून?"

"अक्कांकडून."

"हं." त्यांनी मान हलवली, रागाने नाही, एखाद्या कच्च्या वाचकाला समजवावं तशी. मग नवी चिठ्ठी घेतली, मधोमध रेघ मारली, आणि उजवीकडे, 'रचलेलं'च्या खाली, सावकाश बायकोचं नाव लिहिलं. डावी बाजू कोरी ठेवली. दारात उभ्या अक्काने ते वाचलं आणि पदराने तोंड झाकून ती आत निघून गेली. काका खळीच्या वाटीत बोट बुडवत होते.

लेकीला दुसऱ्या गावी, दुसऱ्या विषयाला प्रवेश मिळाला. वसतिगृहात राहते. झोप लागते म्हणते, आणि मी ते खरं मानते, कारण न मानून मी काय करणार. रविवारी फोन करते. जेवलीस का, खोलीला कडी आहे ना, हे माझे प्रश्न झाले की ती विचारते, "आई, काका कसे आहेत?"

"बरे आहेत," मी सांगते.